आंबेनळी घाटातील भूशास्त्र सहल : एका दिवसात काय पाहायला मिळाले

पुण्यातील एका छोट्या संस्थेने आखलेल्या महाबळेश्वर ते पोलादपूर या एक दिवसाच्या भूशास्त्र सहलीला मी गेल्या नोव्हेंबरात जाऊन आलो. माझे आजोळ वाईचे असल्यामुळे काळ्या कातळाच्या घडीव चिऱ्यांची घरे आणि घाट लहानपणापासून पाहिलेले होते. पण हा कातळ आला कुठून आणि तो इथेच का, याचे उत्तर मला कोणी नीट दिलेले नव्हते. ते मिळावे एवढ्यासाठी मी माणशी अठराशे रुपये भरले, आणि ते वाया गेले नाहीत.

सहलीचा मार्ग विचारपूर्वक निवडलेला आहे. दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या या काळ्या कातळाचे, जे थरसमूह भूशास्त्रज्ञांनी ठरवले आहेत, त्यांतील महाबळेश्वर, आंबेनळी आणि पोलादपूर या तिघांची नावे याच परिसरातून आलेली आहेत. गाडी घाट उतरत जाते तसतसे आपण वरच्या, म्हणजे नंतरच्या लाव्हाकडून खालच्या, आधीच्या लाव्हाकडे जात असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा उद्रेक, त्यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, आणि आज उरलेले त्याचे क्षेत्रही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. हे आकडे पुस्तकात वाचले की डोक्यावरून जातात. घाटाच्या कापणीत एकावर एक रचलेले प्रवाह समोर दिसले, की ते पटू लागतात.

सर्वांत जास्त वेळ आम्ही एका लाल पट्ट्यापाशी थांबलो, आणि माझ्या मते सहलीचे खरे मोल तिथेच होते. दोन काळ्या प्रवाहांमध्ये जेमतेम हातभर जाडीचा विटकरी थर होता. त्याला ‘बोल’ म्हणतात. बोट फिरवले तर लाल भुकटी बोटाला लागत होती, आणि त्याच्यावरचा कातळ मात्र नखालाही दाद देत नव्हता. मार्गदर्शक बाईंनी भिंग हातात दिले आणि खालच्या प्रवाहाच्या माथ्यावरची बुडबुड्यांची भोके व त्यांत साचलेले झिओलाइट नावाचे पांढरे खनिज दाखवले. खालचा लाव्हा थंड झाला, उघड्यावर त्याची झीज होऊन माती झाली, आणि मग नव्या लाव्हाने ती झाकली, असा त्याचा अर्थ. म्हणजे हे उद्रेक समुद्रतळावर नव्हे, तर कोरड्या जमिनीवर, मध्ये विश्रांती घेत घेत झाले होते.

“मॅडम, मग ज्वालामुखीचं तोंड कुठं होतं?” असे आमच्यातील एका वयस्क गृहस्थांनी विचारले. “काका, तोंड एकच नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला,” असे उत्तर बाईंनी दिले, आणि त्या भेगा भरून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतींची, म्हणजे डाइकांची, ठिकाणे नकाशावर दाखवली. संस्थेच्या माहितीपत्रकावर मात्र शंकूच्या आकाराचा धुमसता डोंगर छापलेला आहे. ज्या गैरसमजातून लोकांना बाहेर काढायचे, तोच मुखपृष्ठावर असणे मला खटकले.

लाव्हाच्या उगमाची चर्चा दुपारी झाली आणि ती फार चांगली झाली. स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या ८७ व ८६ या समस्थानिकांच्या (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या) गुणोत्तरावरून लाव्हा कशातून आला याचा अंदाज येतो. ते आंबेनळीच्या बेसाल्टमध्ये ०.७०४ च्या आसपास आहे, म्हणजे महासागरांच्या तळावरील मध्यसागरी पर्वतरांगांवरच्या बेसाल्टपासून फार दूर नाही. पोलादपूरच्या बेसाल्टमध्ये ते बरेच वर जाते, कारण तो लाव्हा वर येताना खंडाच्या जुन्या ग्रॅनाइटी भूकवचात रेंगाळला आणि त्याचा अंश विरघळवून घेऊन आला. केवळ आंबेनळीचा दगड प्रयोगशाळेत नेला असता तर तो महासागरातला वाटला असता. शेजारचा थर आणि मधली लाल माती सोबत पाहिली, तरच तो खंडावरचा ठरतो. कोयना परिसरातील खोल वेधनात सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइटी खडक लागला, हा पुरावाही बाईंनी जोडून दिला. उत्तरेकडे सरकणारा भारताचा भूपट्ट तेव्हा आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येत राहणाऱ्या जागेवरून, जात होता, आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग म्हणजे त्याचा माग, हे मत त्यांनी सविस्तर मांडले. सर्वच अभ्यासक ते जसेच्या तसे मानत नाहीत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले, याचा मला विशेष आदर वाटला.

उणिवा आहेत. रासायनिक तक्ते पूर्णपणे इंग्रजीत होते आणि निम्म्या मंडळींनी ते घडी घालून पिशवीत टाकले. प्रतापगडाच्या फाट्यावर जेवणात फार वेळ गेल्यामुळे पोलादपूरचे थर संधिप्रकाशात, घाईघाईने पाहावे लागले. वास्तविक तुलना तिथेच पुरी व्हायची होती. वळणांवर उभे राहताना वाहनांकडे लक्ष ठेवायला आणखी एक माणूस हवा होता.

शाळकरी मुलांपेक्षा नववी-दहावीच्या पुढच्यांना आणि मोठ्यांना ही सहल अधिक रुचेल. नोव्हेंबरचीच तारीख घ्यावी. पावसाने कपारी धुऊन निघालेल्या असतात, गवत वाळू लागलेले असते आणि लाल पट्टा गाडीतूनही ओळखू येतो.