"माल मिळाला ना, बाई?" : पाठीवरच्या ब्लोअरपायी १६,७४९ रुपये घालवले त्याची हकीकत

आधीच सांगते, मला सहानुभूती नको आहे. "अहो, तुम्हीसुद्धा?" हे तर अजिबातच नको. ते घरातल्यांनी ऐकवून झालं, शेजाऱ्यांनी झालं, शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनीही झालं. ठाण्यात एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मी एकतीस वर्षं बिलं तपासली. माझी सही नसेल तर व्हाउचर पुढच्या टेबलावर सरकत नसे. म्हणून हे लिहायला लाज वाटते, आणि म्हणूनच लिहिते आहे.

वाळली पानं हवेच्या झोताने उडवणारा ब्लोअर हवा होता तो हौसेसाठी नव्हे. राजापूर-देवगडच्या पट्ट्यात आमचं घर आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, मागे आंब्याची पंचेचाळीस कलमं, तीन फणस आणि गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, दुसऱ्याचा साग. माघ उजाडला की पातेरा, म्हणजे वाळल्या पानांचा खच, सुरू होतो. सकाळी झाडलेलं खळं दुपारच्या वाऱ्यात पुन्हा भरतं. झाडायला यायची ती बाई ४०० रुपये रोजावर येत होती, ती लेकीकडे रत्नागिरीला गेली ती गेलीच. त्यात वणव्याची धास्ती. डोंगरावर कुणीतरी काडी टाकतं आणि आग उतरत उतरत आपल्या गडग्याशी येते. गडग्याच्या आतून चार-पाच हातांचा पट्टा स्वच्छ नसेल तर कलमं गेली म्हणून समजा. यंदा फेब्रुवारीत समोरचा डोंगर दोन रात्री जळत होता. आमचे हे हातात डहाळी घेऊन गडग्यावर उभे, वय वर्षं चौसष्ट. अशा वेळी माणूस मोबाइलवर मशीन शोधणार नाही तर काय करणार?

दुकानात गेले नव्हते असं नाही. पाठीवर घ्यायचं ७५ सीसीचं पेट्रोल मशीन दुकानदाराने २४,५०० ला सांगितलं. वर म्हणाला, "काकी, तुम्हांला एवढं कशाला? अकरा किलो नुसतं मशीन, वर दीड-दोन लिटर पेट्रोल. खळ्याला हातातलं २५ सीसीचं पुरे, बागेसाठी हवं तर चाळीसच्या आसपासचं बघा." मला तो खपवाखपवी करतोय असं वाटलं. दुकानदार स्वस्तातलं घ्या म्हणतो आणि आपल्याला त्यातही काळंबेरं दिसतं! त्याचं बरोबर होतं, हे आता लिहून टाकते.

चार दिवसांनी फेसबुकवर जाहिरात आली. तेच ७५.६ सीसी, नामांकित कंपनीच्या रंगांत, "गोदाम खाली करणे आहे", १३,९९९. खाली व्हिडिओ होता, दोरी ओढली की मशीन सुरू, पानं उडताहेत, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. त्या शिट्टीनेच मला पटवलं म्हणा ना. घरगुती वाटलं, खरं वाटलं. पुढचं सगळं तुम्हांला ठाऊक असतंच: व्हॉट्सॲप, "आज का ही रेट है मॅडम", कार्डावर गणपतीचं चित्र.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी याच जागेवर परत परत येते.

फोनवर मी त्या विकणाऱ्याला विचारलं, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं? तो म्हणाला, "ऑइल-वॉइल कुछ नहीं मॅडम, सीधा पेट्रोल डालो और चालू करो." जाहिरातीत ठळक अक्षरांत टू-स्ट्रोक लिहिलेलं, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागणारं इंजिन. आमच्या घरी बारा वर्षं लुना होती. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल घातल्याशिवाय ती भरायची नाही, हे आमच्या घरात पोरंसुद्धा जाणत होती. एकदा दिराने नुसतं पेट्रोल भरलं तर कणकवलीच्या अलीकडे पिस्टन जाम होऊन गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. बागेत फवारणीचा पंप आहे, त्याचं मिश्रण मी स्वतः मापाने करते. पंचवीसास एक असेल तर लिटरला ४० मिलि, पन्नासास एक असेल तर २०. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि टू-स्ट्रोक मशीन विकणारा माणूस मला सांगतो की ऑइल लागत नाही, आणि मी काय म्हणते? "बरं बरं, सोपं आहे म्हणजे."

मशीन कधी हातात धरलेला माणूस असं बोलूच शकत नाही. मला ते ऐकू आलं होतं. कानाला खटकलंही होतं. पण त्या दिवशी डोंगर जळत होता आणि डोक्यात २४,५०० वजा १३,९९९ बरोबर १०,५०१ हा हिशेब पक्का बसला होता. खोटं कशाला बोलू, हावही होतीच.

बुकिंगचे १,४९९ पाठवले. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाच्या नावाऐवजी कुणा बाईचं नाव आलं. मालकीणबाईंचं खातं असेल, आमच्याकडेही रेशनदुकानाचं खातं वहिनींच्या नावावर आहे, अशी माझी मीच समजूत घातली. पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव हा शेवटचा दरवाजा असतो, तिथे थांबा. मग पॅकिंगचा फोटो आला, उरलेले १२,५०० गेले. मग ट्रान्सपोर्ट आणि इन्शुरन्सचे १,६५०.

बिल आलं ते तर माझ्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. पत्ता सुरतचा आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७. एकतीस वर्षं मी हेच बघत आले (जीएसटी आल्यावर तर रोज). ते बिल मी उघडलं, रक्कम बरोबर आहे का तेवढी पाहिली आणि मिटलं. पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. नंतर टाकून बघितला. दिल्लीतल्या कुठल्याशा कापडवाल्याचा निघाला, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

अकराव्या दिवशी हायवेवरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून फोन आला. हमाली ३२०, टेम्पो ४००. खोकं तिथे उघडू देत नाहीत म्हणे. मीही हट्ट धरला नाही. तुम्ही धरा. नाहीच उघडू दिलं तर घरी कापताना पहिल्या चिकटपट्टीपासून सलग व्हिडिओ काढा, मध्ये बंद करू नका.

खळ्यात खोकं उघडलं आणि आधी वास आला. कीटकनाशकाचा, ओळखीचा, नाकात चढणारा. मला वाटलं पुतण्या फवारून आलाय आणि त्याच्याच कपड्यांना येतोय. तो खाली बसला, मशीन फिरवलं, नखाने रंग खरवडला. वरच्या बाजूला जिथे औषधाची टाकी बसते तिथल्या भोकाला एमसील लिंपून वर नारिंगी रंग मारलेला. रंग इतका ताजा की त्याच्या अंगठ्याला लागला. तो म्हणाला, "काकी, हो तर फवारणीचो पंप! टाकी काढून रंग मारल्यानी हा." बाजूच्या स्टिकरवर ७५.६ सीसी. इंजिनाच्या अंगावर कोरलेलं मात्र पुसायला ते विसरले होते: १ई४०एफ. त्यातले ४० म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये, असं मिस्त्रीने नंतर सांगितलं. त्याचे ४५० वेगळे. असली इंजिनं चाळीस-बेचाळीस सीसीच्या आसपासची असतात, ७५ सीसीवाल्यावर याहून मोठा आकडा असतो. मशीन घेताना स्टिकर वाचू नका, लोखंडावरचं वाचा.

सुरू केलं तर झालं हो सुरू. (ऑइल घालूनच.) पानं उडाली चार हात. आणि मेख हीच आहे.

मी तक्रार केली. तो गोड बोलला, माल परत घेतो म्हणाला, फक्त पिकअपचे १,१०० भरा, पैशांबरोबर तेही परत मिळतील. मी भरले. हो, भरले. हसा. आधीचे १५,६४९ अडकलेले असताना अकराशे ही रक्कम कमी वाटते, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

यानंतर सुरू झाला दुसरा अध्याय, त्यापुढे पहिला बरा.

पोलिसांकडे गेले तर साहेब पालखीच्या बंदोबस्ताला. शिमगा आहे, बाई, नंतर या. नंतर गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "माल मिळाला ना, बाई?" मिळाला, पण हा तो नाही. "चालतो का?" चालतो, पण... "मग ही दिवाणी बाब. ग्राहक मंचात जा." शेजारचा एक म्हणाला, "घरात झाडू नाही का?" आणि दोघे हसले. मी म्हटलं, जुना पंप रंगवून नवा म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काय सांगतं? तर म्हणे सुरत आमच्या हद्दीत येत नाही. झिरो एफआयआर हद्दीबाहेरचीही घेता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे, हे मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यावर उत्तर: "तुम्ही वकील आहात का?" तिसऱ्या खेपेला सगळ्या चॅटचे रंगीत प्रिंट दोन प्रतींत मागितले. लाइट नव्हती, झेरॉक्सवाला बंद. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देईनात. एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या बाईला पोच न देता घरी पाठवणार होते! मी बाकावरून उठलेच नाही. दीड तासाने शिक्का मिळाला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून या खेपा परवडल्या.

बँकेत उत्तर तयारच होतं. पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत. समोरचं खातं गोठवता येईल का? त्यासाठी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर.

ग्राहक आयोगाचं म्हणाल तर पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, सुरतला जावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण नोटीस कुणाला धाडणार? बिलावरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं ते परत आलं.

विचार करा, त्यांनी खोक्यात दगड भरले असते तर कुणीतरी गुन्हा मानला असता. म्हणूनच दगड भरले नाहीत. चालणारा भंगार पंप पाठवला की तुम्ही 'फसवले गेलेले' राहत नाही, 'नाराज ग्राहक' होता. हे त्यांना ठाऊक आहे आणि टेबलापलीकडच्यांना कळून घ्यायचं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी बाविसाव्या दिवशी केला, तोही कुणीतरी सांगितलं म्हणून. तोवर पैसे खात्यात राहतात होय? तुम्ही त्याच तासाला करा, मालाची वाट बघू नका. दुसऱ्यांदा पैसे मागितले तिथेच करा. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

आणि ज्यांना खरंच ब्लोअर घ्यायचा आहे त्यांनी जवळच्या दुकानात जाऊन तो पाठीवर घेऊन पाच मिनिटं चालवून बघावा. कार्ब्युरेटरचा पडदा आणि दोरी तिथेच मिळते का ते विचारावं. पावसात भिजलेला पातेरा कुठल्याच ब्लोअरने उडत नाही, तेव्हा चार महिने टाकी रिकामी करून ठेवावी लागते, हेही हिशेबात धरा.

हिशेब: त्यांना गेले १६,७४९. हमाली, टेम्पो, मिस्त्री धरून १७,९१९. खेपांचं धरलेलं नाही. पंप मांगरात (बागेतल्या खोपटात) आहे, वास अजून जात नाही. खळं मी हिराच्या वाढवणीने, म्हणजे खराट्याने, झाडते.

गेल्या आठवड्यात पुतण्याच्या मोबाइलवर तीच जाहिरात आली. नाव नवं, नंबर नवा, किंमत १२,९९९. व्हिडिओ तोच, पानं उडतात आणि मागे कुकरची शिट्टी होते. मी त्याच्या मोबाइलवरून विचारलं, ऑइल कितना? दोन मिनिटांत उत्तर आलं: ऑइल की ज़रूरत नहीं सर, सीधा पेट्रोल. त्याचा प्रिंट काढून, रंगीत, दोन प्रतींत, सोमवारी पुन्हा जाते आहे.