काप्रीची एकदिवसीय विद्यार्थी सहल

इटलीतल्या नेपल्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गेल्या मे महिन्यात आम्ही 28 विद्यार्थी एका स्थानिक सहल आयोजकामार्फत काप्री बेटावर जाऊन आलो. माणशी 70 युरोंत बोटीचे जाण्यायेण्याचे तिकीट, बेटाभोवतीची बोटफेरी, बेटावरचा प्रवास आणि वाटाड्या एवढे होते. जेवण ज्याचे त्याचे. बेट पाहण्यासारखे आहे यात वाद नाही. माझी तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल.

जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरांत मिरवलेली निळी गुहा आम्हाला दिसलीच नाही. तिचे तोंड पाण्यावर जेमतेम एक मीटर उंच आहे. प्रवाशांनी होडीच्या तळाशी आडवे व्हायचे आणि नावाड्याने कडेची साखळी धरून होडी आत ओढायची अशी रीत असल्याने समुद्र थोडा जरी खवळला तरी गुहा बंद ठेवतात. त्या दिवशी ऊन लख्ख होते, पण वाऱ्याने लाटा उठत होत्या. समुद्रापुढे कोणाचे चालत नाही हे मान्य; मात्र गुहा बंद असल्याचे वाटाड्याला नेपल्सच्या धक्क्यावरच कळले होते आणि त्याने ते मारिना ग्रांदे बंदरात उतरल्यावर सांगितले, हे मला पटले नाही. शिवाय गुहेचे तिकीट 70 युरोंत धरलेलेच नव्हते, ही गोष्ट पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती.

बोटफेरी मात्र उत्तम झाली. फाराल्योनी नावाचे तीन सुळके समुद्रातून सरळ वर आलेले आहेत आणि मधल्या सुळक्याला आरपार कमान आहे. नावाड्याने इंजिनाचा वेग कमी करून बोट त्या कमानीखालून नेली, तेव्हा ओल्या खडकाचा गारवा चेहऱ्याला लागला आणि एवढा वेळ चाललेला गलका आपोआप थांबला. मांडव्याच्या लाँचमध्ये लहानपण गेल्यामुळे मला बोटीचे अप्रूप नाही, तरीही ती दोन मिनिटे लक्षात राहिली.

त्यानंतर फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, वर नेऊन आम्हाला प्याझेत्ता या चिमुकल्या चौकात तब्बल दोन तास मोकळे सोडण्यात आले. तिथे खुर्चीवर बसून कॉफी पिणे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारे नाही, त्यामुळे आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसून नेपल्सहून आणलेला पाव खाल्ला. आमच्यातले निम्मे पुरातत्त्वाचे विद्यार्थी. ज्या व्हिला योव्हिस या राजवाड्यातून रोमन सम्राट तिबेरियसने इसवी सन 27 ते 37 या काळात रोमचा कारभार हाकला, त्याचे अवशेष तिथून पाऊण तासाच्या चढणीवर आहेत. पण ‘शैक्षणिक सहल’ म्हणवणाऱ्या या कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती.

बेटावरच्या आनाकाप्री या दुसऱ्या गावाला मिळाला फक्त दीड तास. एकेका माणसाच्या खुर्च्यांचा पाळणा 589 मीटर उंचीच्या माँते सोलारो या डोंगरावर साधारण 13 मिनिटांत नेतो. पाय अधांतरी आणि खाली लोकांच्या बागा. वरून आल्यावर मी धावतच सान मिकेले चर्च गाठले. तिथली संपूर्ण फरशी म्हणजे लेओनार्दो क्यायेझे याने 1761 मध्ये रंगीत माजोलिका (चकचकीत झिलईच्या मातीच्या) लाद्यांतून साकारलेले एकच चित्र आहे: देवदूत आदम आणि हव्वेला नंदनवनातून हाकलतो आहे आणि भोवती एकशिंगी घोड्यासह नाना प्राणी जमले आहेत. चित्रावर पाय पडू नये म्हणून भिंतीलगतच्या फळ्यांवरून चालावे लागते आणि पूर्ण चित्र पाहायचे तर गोल जिना चढून वरच्या सज्जात जावे लागते. मला सज्जात सात मिनिटे मिळाली, तेवढ्यात खालून वाटाड्याची शिट्टी आली.

बोटी वेळेवर होत्या, वाटाड्याचे इंग्रजी स्पष्ट होते आणि परतताना शिरगणतीही नीट झाली. पाचपैकी तीन तारे. गट घेऊन जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधीच प्याझेत्तातला एक तास काढून आनाकाप्रीला जोडून घ्यावा आणि तसे आयोजकाकडून लेखी घ्यावे.