'वॉर ऑफ द रोहिरिम': पडद्यावरचे दोष आणि चाहत्यांचा संताप

लातूर-नांदेडकडे ॲनिमेशन शिकणाऱ्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा २०२४चा हा ॲनिमेशन पूर्वकथापट बघताना दोन गोष्टींची गल्लत करू नये.

दोष खरेच आहेत. आधी कलाकारांच्या हालचाली टिपल्या, त्या संगणकावर त्रिमितीत बसवल्या, मग त्यांवरून हाताने चित्रं काढली. म्हणून अंग माणसासारखं हलतं, पण चेहरा मख्ख राहतो. लांबच्या दृश्यांत पात्रं पार्श्वभूमीवर चिकटवल्यागत दिसतात. कथाही तोकडी पडते. बाप मेला, मागणी फेटाळली, यापलीकडे २ तास १४ मिनिटांत खलनायक वुल्फ उलगडतच नाही. बरंचसं तर निवेदनातच उरकलंय.

चाहत्यांचा मोठा राग मात्र रोहानचा राजा हेल्म याची मुलगी हेरा हिच्यावर: ही घुसडलेली नायिका! मूळ लेखक टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं परिशिष्ट उघडून बघा. हेल्मला मुलगी आहे, वुल्फचा बाप फ्रेका तिला वुल्फसाठी मागणी घालतो, हेल्मच्या एका ठोशात फ्रेका कोसळतो आणि मरतो. फक्त तिचं नाव दिलेलं नाही. मुळात भांडणच तिच्यावरून पेटलं, तर तिला मध्यभागी आणण्यात मोडतोड कसली? थंडीत गोठूनही गुडघे न टेकलेला हेल्मसुद्धा पुस्तकातलाच.

चित्रांवरची तक्रार शंभर टक्के रास्त. हेरावरची सपशेल चुकीची, आणि तिच्या गदारोळात पहिलीकडे कुणी धड बघितलंच नाही.