संप मोजायचे की बुडालेले दिवस?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संपांची नुसती संख्या मोजली, तर हा एक संप. चाळीस कामगारांच्या कारखान्यात तीन दिवस काम थांबलं, तोही एकच! संख्येतून असंतोष किती ठिकाणी आहे ते कळतं, किती खोल आहे ते नाही.

मनुष्यदिवसांचा हिशेब वेगळा: कामगार गुणिले दिवस. कारखान्याचे १२० भरतात, गिरण्यांचे एकाच दिवसात अडीच लाख. मला हेच माप जास्त प्रामाणिक वाटतं. पण एक मोठा संप अख्ख्या वर्षाचा आकडा फुगवतो. ब्रिटनमध्ये १९८४ साली बुडालेल्या सुमारे २.७ कोटी दिवसांतले बहुतेक खाणकामगारांचेच होते. शिवाय गिरणी संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि अनेकांना पुन्हा काम मिळालं नाही, मग मोजणी थांबवायची कुठे?

मुद्दाम संथ काम केलं तर? ते दोन्ही मापांतून निसटतं. अमेरिकेत तर हजारापेक्षा कमी कामगारांचा संप ‘मोठ्या संपां’च्या सरकारी यादीत येतच नाही.