रेव्हिटमधली ॲनोटेशन चिन्हं: माहितीचं काम चोख, चित्रकलेत मात्र कंजूष

रेव्हिट हे इमारतींची ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर. त्याबरोबर येणारे सेक्शन हेड (छेदाच्या रेघेवरचं चिन्ह), लेव्हल हेड (पातळीचं चिन्ह) आणि रूम टॅग (खोलीची माहिती दाखवणारं चिन्ह) जसेच्या तसे वापरले की शीट, म्हणजे ड्रॉइंगचं पान, कुठल्याही ऑफिसचं वाटतं. ते बदलता येतात, आणि सोय चांगली आहे. फक्त ऑटोकॅड या जुन्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधला ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायचं तयार चित्र) समजून हात घातला की वैताग ठरलेला. ब्लॉकमध्ये आधी चित्र काढायचं आणि मग त्यात ॲट्रिब्यूट, म्हणजे मजकुराच्या जागा, टाकायचे. इथे चिन्ह प्रोजेक्टमधली माहिती दाखवण्यासाठीच असतं, चित्र तिच्याभोवती बसवायचं.

याचा फायदा सेक्शन हेडमध्ये सगळ्यात लवकर कळतो. सेक्शनचा व्ह्यू शीटवर ठेवला की बबलमध्ये, म्हणजे चिन्हाच्या वर्तुळात, डिटेल नंबर आणि शीट नंबर आपोआप भरतात. ऐनवेळी तोच व्ह्यू ए-२०१ वरून ए-२०३ वर हलवला, तरी सगळ्या प्लॅनवरचे बबल स्वतःहून बदलतात. एवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचा त्रास सोसायला हरकत नाही.

करायचं असं (रेव्हिटमध्ये प्रत्येक चिन्हाच्या फाइलला फॅमिली म्हणतात): फाइल, न्यू, फॅमिली, मग ॲनोटेशन्सच्या फोल्डरमधून मेट्रिक सेक्शन हेडचं टेम्प्लेट. त्यात सूचनेची टीप लिहिलेली असेल तर आधी पुसावी, नाहीतर ती चिन्हाबरोबर प्रोजेक्टमध्ये उमटते. ६ मिमी त्रिज्येचं वर्तुळ, मधून आडवी रेघ, वर डिटेल नंबरचं लेबल आणि खाली शीट नंबरचं. दोन्ही ‘लेबल’च हवीत; ‘टेक्स्ट’ टाकलं तर ते मेलेलं अक्षर, कधी बदलणार नाही. मापं सगळी कागदावरची. १२ मिमीचा बबल १:५० ला आणि १:१०० ला छापताना १२ मिमीच राहतो. पण १:१०० च्या प्लॅनवर तो १२०० मिमी जागा खातो, म्हणजे अख्खा पॅसेज. १:१०० वर जास्त काम असेल तर ९ किंवा १० मिमी पुरे. अक्षर २.५ मिमी ठेवावं.

लेबलच्या चौकटीची रुंदी मात्र बघावी. फॅमिलीत नमुना म्हणून ‘ए१०१’ दिसतं आणि सगळं छान बसतं. प्रोजेक्टमध्ये ‘डब्ल्यूडी-२०१’ आलं की तेच दोन ओळींत मोडून रेघेवर चढतं. एडिट लेबलमध्ये सॅम्पल व्हॅल्यूच्या जागी आपला सगळ्यात लांब शीट नंबर लिहावा, म्हणजे चूक तिथेच दिसते.

“फॅमिली लोड केली पण काही बदललंच नाही” ही तक्रार नेहमीची, आणि कारणही बहुतेक वेळा एकच. लोड करून भागत नाही. मॅनेज टॅबवर ॲडिशनल सेटिंग्जमध्ये सेक्शन टॅग्ज उघडून, टाइप (फॅमिलीचा एक प्रकार) डुप्लिकेट करून तिथे नवं हेड निवडायचं. मग सेक्शनच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये तो टॅग लावायचा. एलिव्हेशन मार्कला (दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगच्या चिन्हाला) आणखी एक पायरी आहे: बॉडीची फॅमिली वेगळी, पॉइंटरची वेगळी, आणि पॉइंटर बॉडीच्या आत बसतो. पॉइंटर सुधारून थेट प्रोजेक्टमध्ये लोड केला तर बॉडीतला जुनाच राहतो. आधी बॉडीत लोड, मग बॉडी प्रोजेक्टमध्ये.

रूम टॅग हा या सगळ्यातला सगळ्यात समाधान देणारा भाग. आपल्याकडे नगरपालिकेला चौरस मीटर हवेत आणि ग्राहकाला चौरस फूट. एका टॅगमध्ये एरियाची दोन वेगळी लेबलं ठेवावीत. दुसऱ्याच्या एडिट लेबलमध्ये खालच्या युनिट फॉरमॅटच्या बटणावर ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढून चौरस फूट निवडावं. १०.७६४ ने गुणायची गरजच उरत नाही. दोन्ही लेबलांच्या ‘व्हिजिबल’ला हो-नाहीचं पॅरामीटर जोडलं की एकाच फॅमिलीतून नगरपालिकेचा टाइप वेगळा, ग्राहकाचा वेगळा. मात्र या आकड्यांची बेरीज रेरा या स्थावर संपदा कायद्यातला कार्पेट एरिया म्हणून देऊ नये. २०१६ च्या कायद्यात आतल्या पार्टिशन भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरली आहे, आणि रूमचा एरिया भिंतीच्या फिनिशपर्यंत मोजला जात असेल तर ती त्यातून निसटते. त्यासाठी एरिया प्लॅन आणि एरिया टॅग.

टॅगमध्ये स्वतःचं काही दाखवायचं असेल, समजा फ्लोअरिंगचा कोड, तर प्रोजेक्ट पॅरामीटर चालत नाही, शेअर्ड पॅरामीटरच लागतं. त्याची टेक्स्ट फाइल सर्व्हरवर एकच असावी. नाव तेच ठेवून दुसऱ्याने नव्याने पॅरामीटर बनवलं, तर रेव्हिटच्या लेखी ते वेगळंच. ओळख नावावर नाही, आतल्या जीयूआयडीवर, म्हणजे ओळख क्रमांकावर, ठरते. मग खोलीत माहिती भरलेली असूनही टॅगमध्ये प्रश्नचिन्ह दिसतं, आणि दोन माणसं अर्धा दिवस स्पेलिंग तपासत बसतात.

चित्रकलेत मात्र रेव्हिट चिकट आहे. सुमारे ०.८ मिमीपेक्षा आखूड रेघ ते काढूच देत नाही. भिंतीला याने फरक पडत नाही, पण चिन्ह कागदी मापात काढायचं असल्याने उत्तर दिशेच्या बाणावरची नक्षी किंवा ऑफिसचा लोगो इथेच अडतो. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) आणून एक्सप्लोड करण्याचा, म्हणजे सुट्या रेघांत फोडण्याचा, मोह होतो. तसं केलं तर बारीक तुकडे गळतात आणि नको ते लेअर फॅमिलीत घुसतात. आकृती सोपी करून नव्याने काढणं परवडतं. डायमेन्शनच्या, म्हणजे मापाच्या रेघांच्या, टोकांचं तर विचारूच नये: ॲरोहेडच्या ठरावीक शैली आहेत, त्यांचा आकार आणि कोन बदलतो, पण स्वतःचा बाण काढून लोड करता येत नाही. इतक्या वर्षांत एवढंही न जमावं, याचे गुण कापलेच पाहिजेत.

रेघांच्या जाडीबद्दल तक्रार नाही. ॲनोटेशनच्या लाइन वेटचा टॅब वेगळा असतो आणि ती जाडी स्केलबरोबर बदलत नाही, त्यामुळे एकदा छापून बघितलं की पुरतं.

आमच्या मते पाचपैकी साडेतीन. सेक्शन, एलिव्हेशन, लेव्हल, ग्रिड, रूम, दार, खिडकी आणि व्ह्यू टायटल एवढ्या आठ फॅमिली नीट करून ऑफिसच्या प्रोजेक्ट टेम्प्लेटमध्ये ठेवाव्यात. त्या करताना ऑफिसात वापरात असलेलं सगळ्यात जुनं व्हर्जन घ्यावं: २०२४ मध्ये सेव्ह केलेली फॅमिली २०२३ मध्ये उघडत नाही, आणि मागे सेव्ह करायची सोयही नाही.