आल्बो मॉन्स्टेरा आणि 19:19:19: अकरा महिन्यांचा अनुभव

19:19:19 खताच्या (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) पाकिटावर लिहिलं होतं, 'एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम'. हा आकडा शेतातल्या उभ्या पिकावर फवारणीसाठी आहे, घरातल्या कुंडीत वाढणाऱ्या पांढऱ्या-हिरव्या वेलीला मुळाशी ओतण्यासाठी नाही. हे कळेपर्यंत माझे तीन महिने आणि दोन पानं गेली.

आल्बो, म्हणजे पांढऱ्या-हिरव्या पानांचा मॉन्स्टेरा, माझ्याकडे आला तेव्हा दोन पेरांचं कलम होतं. एक पान, बोटभर लांबीचं एक हवाई मूळ, बस्स. पहिला महिना खत दिलंच नाही, कारण मुळंच नाहीत तर घेणार कोण. मूळ धरलं, मग कोकोपीट, परलाइट (हलके पांढरे खडे) आणि सालीचे तुकडे अशा मिश्रणात तीन लिटरच्या कुंडीत लावला आणि मॉस पोल (वेलीला चढायला शेवाळ भरलेला खांब) दिला. खत घेतलं 19:19:19, विद्राव्य. बहुतेकांच्या घरी हेच असतं, माझ्याही होतं.

पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. दर आठवड्याला चहाचा एक सपाट चमचा, लिटरभर पाण्यात. नंतर तो चमचा छोट्या काट्यावर ठेवला तर साडेपाच ग्रॅम भरला. पण तेव्हा पान आधीच्या दीडपट आलं होतं, हिरवा भाग गडद, लकाकणारा. कुणी आलं की आधी तेच पान दाखवायचो.

मग चौथं पान आलं. सुरळी उलगडायला लागली तेव्हाच पांढऱ्या भागाच्या कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ होती. दोन दिवसांत ती रेघ आत सरकली आणि पांढरा भाग कागदासारखा कुरकुरीत झाला. हिरवा अर्धा भाग मात्र ठणठणीत. मी आधी हवेला दोष दिला, ह्युमिडिफायर आणला. मग उन्हाला दोष दिला, कुंडी खिडकीपासून हातभर मागे घेतली. पाचवं पानही तसंच करपलं, वर उजेड कमी झाल्यामुळे आकारानेही लहान आलं. म्हणजे एका चुकीवर दुसरी.

खरा प्रकार कुंडीखालच्या थाळीतल्या पाण्याने सांगितला. ईसी मीटर (विद्युतवाहकतेवरून पाण्यातले क्षार मोजणारा) मत्स्यटाकीसाठी म्हणून घरात पडून होता. नळाचं पाणी मोजलं: 0.3 (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर). कुंडीला पाणी घालून तळातून गळलेलं पाणी मोजलं: 4.2. घरातल्या पर्णशोभेच्या झाडाला एवढे क्षार सोसत नाहीत. कोकोपीटच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा होताच, मी त्याला बुरशी समजून चमच्याने खरवडून टाकत होतो.

इथे हिशेब सांगतो, कारण पाकिटावर तो कुणी देत नाही. 19 टक्के नत्राचं खत लिटरला 1 ग्रॅम घातलं तर 190 पीपीएम (लिटरला 190 मिलिग्रॅम) नत्र होतं. 5 ग्रॅम म्हणजे 950. घरातल्या अशा वेलीला नियमित द्यायचं असेल तर 100 च्या आसपास पुरतं, म्हणजे अर्धा ग्रॅम. मी जवळजवळ दहापट ओतत होतो, तेही दर आठवड्याला.

पांढराच भाग का जळतो? त्या भागात हरितद्रव्य नाही, तो स्वतःचं अन्न बनवत नाही, हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. पण पाणी मात्र त्यातूनही उडत राहतं, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पानाच्या कडेला साचतात. हिरवं पान तेवढा भार पेलून नेतं. पांढऱ्याकडे ती ताकदच नाही. शिवाय अर्धं पान पांढरं म्हणजे झाडाची कमाई अर्धी, तेव्हा पूर्ण हिरव्या मॉन्स्टेराचा डोस याला लावणंच चूक.

मग कुंडी बाथरूममध्ये नेली आणि साधं पाणी, थांबत थांबत, दहा लिटर सोडलं. कुंडीच्या तिप्पट. शेवटी गळणारं पाणी 0.9 वर आलं. पुढचा महिनाभर नुसतं पाणी.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा समजली ती. कुंडी धुतल्यानंतरचं पहिलं पानही डागाळलेलंच आलं! मी हताश झालो होतो. पण पान आपल्याला दिसायच्या कितीतरी आठवडे आधी आधीच्या देठाच्या खोबणीत तयार होत असतं. आज उलगडलेलं पान म्हणजे दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या खताची पावती. त्यामुळे डोस बदलला आणि पुढच्याच पानावरून निकाल लावला तर तो निकाल चुकीचा. मी आता दोन पानं जाऊ देतो, तिसऱ्यावरून ठरवतो. आणि करपलेला भाग पुन्हा पांढरा होत नाही, मेलेली पेशी ती मेलेली. कातरीने कापलं तर तिथून नवी तपकिरी कड धरते. मी कापणं सोडून दिलं.

याच काळात एका अनुभवी बागप्रेमीने सांगितलं, 'नत्र बंद कर, नत्राने झाड हिरवं पडतं.' त्याआधीची दोन पानं खूप हिरवी होती म्हणून ऐकलं. सहा आठवडे नत्र शून्य. झालं काय, तर जुनं खालचं पान पिवळं पडलं (झाड नत्र जुन्या पानातून काढून नव्याला देतं), वाढ मंदावली आणि नवं पान जवळजवळ पूर्ण पांढरं आलं. मी म्हटलं, बघा, लागू पडलं! पण तसं नव्हतं. खोडाकडे पाहिलं तर ते पान निघालं ती बाजू खोडावरच्या पांढऱ्या पट्ट्यातच होती. आल्बोत हिरव्या आणि पांढऱ्या पेशी शेजारी शेजारी असतात आणि शेंड्यात कोणत्या पेशी कुठे आहेत त्यावर पानाची नक्षी ठरते. खत पांढऱ्या पेशीला हरितद्रव्य देऊ शकत नाही, आणि खत बंद केल्याने हिरवी पेशी पांढऱ्या जातीची होत नाही. नत्राने हिरवा भाग जास्त गडद होतो, एवढंच. नक्षी हवी असेल तर हत्यार एकच, कात्री: खोडावर पांढरे-हिरवे पट्टे मिसळलेले असतील त्या पेराच्या वर छाटायचं. मी छाटलं, महिन्याभराने तिथून मिश्र पान आलं.

आठव्या महिन्यापासूनचा माझा क्रम असा: अर्धा ग्रॅम लिटरला, दर दुसऱ्या पाण्याला, कुंडीखालून थोडं गळेपर्यंत. थाळीतलं पाणी लगेच फेकायचं. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने भरपूर धुणं. दिवस लहान झाले, वाढ थांबली की खतही थांबवायचं.

19:19:19 बद्दल तक्रारी आहेत. 'समतोल' हा शब्द फसवा आहे. पाकिटावरचे स्फुरद आणि पालाशचे आकडे ऑक्साइडच्या रूपातले असतात. खरं स्फुरद त्याच्या 44 टक्के, पालाश 83 टक्के. ते सोडलं तरी, पानांसाठी वाढवायच्या झाडाला साधारण 3:1:2 हे प्रमाण जास्त मानवतं, एवढं स्फुरद त्याला लागतच नाही. शिवाय माझ्या पाकिटावर अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात होतं. युरियाचं आधी सूक्ष्मजीवांनी रूपांतर करावं लागतं, आणि माती नसलेल्या, ताज्या मिश्रणात ते काम सावकाश होतं. आणखी एक गंमत: युरिया विद्युतवाहक नसल्याने ईसी मीटरला दिसतच नाही. मीटर सांगतो त्यापेक्षा नत्र जास्तच गेलेलं असतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्यात कॅल्शियम नाही. कोकोपीट तर असलेलं कॅल्शियमही धरून बसतं. माझ्या सहाव्या पानाची कड चुरगळलेली आली, सुरळी धड सुटेना. कॅल्शियम झाडात हिंडत नाही, जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून आधी नवंच पान बिघडतं. कॅल्शियम नायट्रेट आणलं आणि आळसापोटी दोन्ही खतांचं एकच घट्ट द्रावण बाटलीत करून ठेवलं. दहा मिनिटांत पाणी दुधासारखं झालं, सकाळी तळाला पांढरा गाळ. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन न विरघळणारं मीठ बनलं होतं, दोन्ही वाया. आता दोन पाळ्या वेगळ्या: एकदा 19:19:19, पुढच्या वेळी कॅल्शियम नायट्रेट लिटरला 0.3 ग्रॅम. त्यातही 15.5 टक्के नत्र असतं, ते हिशेबात धरावं लागतं.

पाकिटाचं म्हणाल तर एकदा उघडलं की दमट हवेत ढेकूळ बनतं. मी आता घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो.

शेजारच्या मनी प्लांटवर मी मंद सुटणाऱ्या गोळ्याही वापरून पाहिल्या. सोय भरपूर, लक्ष कमी. पण त्यांची 'तीन ते चार महिने' ही मुदत साधारण 21 अंश सेल्सिअसवर मोजलेली असते, उकाड्यात खत भराभर सुटतं. मनी प्लांटने ते सोसलं, आल्बोला मी देणार नाही. गांडूळखत थोडं दिलं होतं. झाडाला त्रास नाही, पण कुंडीभोवती चिलटं झाली.

मग हे खत घ्यावं का? घरात असेल तर फेकू नका, अर्ध्या ग्रॅमने चालवा, मात्र कॅल्शियमची वेगळी सोय हवीच. नव्याने घेणार असाल तर 3:1:2 च्या जवळचं, निम्म्याहून जास्त नत्र नायट्रेटच्या रूपात आणि सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं बघा. आणि खताआधी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. चमच्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

सध्या नववं पान अजून न उलगडलेल्या सुरळीच्या रूपात आहे. देठावर पांढरा पट्टा निम्म्यापर्यंत दिसतोय, कड अजून तरी स्वच्छ आहे.