पोर्टिंगवालं जुनं इंजिन घ्यावं, की आहे तोच ब्लॉक बोअरला टाकावा?

यामाहाच्या आरएक्स १०० चं, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन थकलं की बेळगावात दोनच सल्ले मिळतात. कोल्हापूरकडचं कुणीतरी सोडलेलं पोर्टिंगवालं, म्हणजे जास्त ताकदीसाठी सिलिंडरची पोर्टं (भोकं) घासून मोठी केलेलं इंजिन आणून बसव, नाहीतर आहे तोच ब्लॉक (सिलिंडर) कारखान्यांच्या उद्यमबागेत बोअरला टाक, म्हणजे आतून थोडा मोठा करून नवा पिस्टन घाल. मी दोन्ही करून बसलोय, आधी पहिलं आणि मग दुसरं.

पोर्टिंगची मजा खोटी नाही. सकाळी सहाला रिकाम्या काँग्रेस रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये आवाज बदलतो आणि मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी सुटते. स्टॉक इंजिन तसं कधीच सुटत नाही. पण एक्झॉस्टचं पोर्ट वर घासलं की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, म्हणजे खालची जाते. खडेबाजारच्या गर्दीत क्लच अर्धा धरूनच चालावं लागतं. राजहंसगडाच्या चढाला मंडळी मागे असतील तर पहिला गिअर सुटत नाही.

एवढं मी चालवून घेतलं असतं. नाही चालवून घेतलं ते बाटलीचं.

अशी इंजिनं करणारे बरेच मेस्त्री ऑइल पंप काढून टाकतात आणि ऑइल थेट टाकीत मिसळायला सांगतात. ऐकायला सोपं आहे. माझं माप लिटरला ४० मिली होतं आणि त्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली डिकीत असायची. पेट्रोल पंपावरचा पोरगा कानडीत ‘एष्टु?’ (किती?) विचारतो, आपण मनातल्या मनात गुणाकार करतो, मागचा हॉर्न वाजवतो. मग ऑइल ओतायचं आणि गाडी धरून ताक घुसळल्यागत हलवायची. बाटलीचं टोपण कधीच नीट लागलं नाही. डब्याच्या पिशवीला टू-टी ऑइलचा वास, आणि चपातीलासुद्धा. घरात त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

बरं, नुसता वैतागही नाही. पावसाळ्यानंतर कणकुंबीहून चोर्ला उतरत होतो. थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरवर सोडलेली. टाकीतलं ऑइल पेट्रोलबरोबरच येणार, आणि पेट्रोलच बंद केलं तर ते कुठून येणार? एका वळणाआधी ऑइलविना पिस्टन अडकला आणि मागचं चाक जाम झालं. क्लच वेळेवर दाबला गेला, म्हणून आज हे लिहितोय. कंपनीचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे थ्रॉटल बंद असला तरी थोडं ऑइल जात राहतं. कदाचित माझं मिश्रणच चुकलं असेल, मेस्त्रीचं मत तसंच आहे. पण घाट उतरताना अधूनमधून थ्रॉटल उघडत राहणं मला जमत नाही.

बोअरचेही त्रास आहेत. क्रँकपासून हायड्रॉलिकपर्यंत सगळं करणाऱ्या गावात तुमचा एक ब्लॉक म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक, तो कोपऱ्यात पडून राहतो. माझा बारा दिवस पडला होता. चांगला पिस्टन शोधावा लागतो. आणि ०.२५, ०.५० करत १ मिमीपर्यंत ओव्हरसाइज (पिस्टनचं वाढीव माप) संपत आलं असेल तर नवी लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) घालण्याचं बघावं लागतं. पण ५० मिमीचा बोअर, ५० मिमीचा स्ट्रोक असलेलं हे साधं इंजिन नीट बसवलं की पुढे विसरून जाता येतं. मी विसरलोय.

कागदांचं थोडक्यात. इंजिन नंबर ब्लॉकखालच्या क्रँककेसवर असतो आणि तो आरसीशी जुळावा लागतो. पूर्ण इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करणं आलं. शिनोळी-निपाणीकडून सीमा ओलांडणं रोजचं असणाऱ्यांनी, बेळगाव पासिंगच्या केए २२ च्या गाडीत दुसऱ्याच गाडीचा नंबर सापडला तर काय सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. नुसता पोर्टिंगचा ब्लॉक घेऊन आपल्याच क्रँककेसवर चढवला तर हा प्रश्न उरत नाही.

ज्यांना रविवारी सकाळचीच गाडी हवी आहे त्यांना मी अडवणार नाही. फक्त ऑइल पंप जागेवर असलेलं बघा. सायलेन्सर काढून पोर्टमधून पिस्टनवर उभ्या रेघा आहेत का बघा, आणि पोर्टची कड बोटाला धारदार लागते का तेही. धार असेल तर रिंग अडकते. घासून गेलेली धातू परत येत नाही, तिथे मेस्त्रीची घासाघीस चालत नाही. आणि जाताना फोन करू नका, नाहीतर मालक तुम्ही पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवतो आणि थंड असताना ते कसं सुरू होतं हे कळतच नाही.